एका चित्राचे वेगवेगळ्या फाइल्समध्ये तुकडे करताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

समुद्राचं एक चित्र होतं, ४००० बाय ३००० पिक्सेलचं. त्याचे तीन बाय तीन असे नऊ तुकडे केले, नऊ फाइल्स झाल्या आणि त्या सारख्या मापाच्या चौकटींत ओळीने लावल्या. पहिल्या दोन तुकड्यांत क्षितिजाची रेघ सरळ गेली. तिसऱ्या तुकड्यात तीच रेघ एक पायरी चढल्यासारखी वर सरकली होती. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. मग सॉफ्टवेअर बदललं आणि तिथेही तेच झालं, तेव्हा लक्षात आलं की चूक कापण्यात नाही. कुठे कापायचं ते मी ज्या आकड्यांनी सांगत होतो, त्या आकड्यांतच ती होती.

ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, पण कारणं तीच ती निघतात. ती इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोष कुठे आहे ते बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक तपासणी करा. मूळ चित्र उघडा. शेजारशेजारचे दोन तुकडे त्यावर लेयर (एकावर एक ठेवलेले थर) म्हणून आणा, आपापल्या जागी बसवा आणि दोन्ही लेयरचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा. गिंप आणि फोटोशॉप या चित्र सुधारायच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हा मोड आहे. वरच्या आणि खालच्या पिक्सेलच्या रंगांत जेवढा फरक असेल तेवढंच या मोडमध्ये उजळ दिसतं, बाकी सगळं काळं. तुकडे पीएनजी असतील आणि नीट कापलेले असतील, तर ती जागा पूर्ण काळी दिसली पाहिजे. जोडावर उजळ रेघ दिसली तर कापण्यात दोष आहे. संपूर्ण तुकड्यावर मंद धूळ पसरल्यासारखं दिसलं तर तो जेपेगच्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे फाइल लहान करायला माहिती दाबण्याचा, परिणाम आहे.

आणि सगळं काळं दिसत असूनही वेबपानावर किंवा कागदावर फट दिसत असेल, तर तुकडे पुन्हा कापत बसू नका. वेबपानावर चित्रं मजकुराच्या ओळीत अक्षरासारखी बसतात, त्यामुळे त्यांच्याखाली थोडी जागा सुटते. कोडमध्ये दोन चित्रांमध्ये मोकळी जागा किंवा नवी ओळ असली तर आडवी फटही पडते. प्रिंटरचं म्हणाल तर बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापतच नाहीत. स्क्रीनवर ६७ टक्के झूम ठेवून बघितलं तरी लेयरच्या जोडावर नसलेली रेघ दिसू शकते. म्हणून तपासणी नेहमी १०० टक्क्यांवर किंवा त्याच्या पटीत करा. मी थेट ८०० टक्क्यांवर जातो, तिथे एकेक पिक्सेल स्वतंत्र चौकोन म्हणून दिसतो आणि शंकेला जागा उरत नाही.

तुकडे सारखे येत नाहीत

माझ्या समुद्राचं झालं ते असं. गिंपमध्ये ‘इमेज’ मेनूत ‘गाईड्स’ (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या रेघा) आहे, आणि त्यात टक्केवारीने नवं गाईड टाकायची सोय आहे. तीन भाग करायचे म्हणून मी ३३ आणि ६६ टाकलं. चार हजारांचे ३३ टक्के म्हणजे १३२० आणि ६६ टक्के म्हणजे २६४०. झाले काय, तर १३२०, १३२० आणि १३६० असे तुकडे. शेवटचा तुकडा ४० पिक्सेलने जास्त रुंद निघाला. चौकटी सारख्या असल्यामुळे तो आकसून बसला आणि क्षितिज वर गेलं. टक्केवारीचा मोह सोडा आणि सरळ पिक्सेलमध्ये गाईड टाका.

पण पिक्सेलमध्ये टाकायचं म्हटलं तरी ४००० ला तीनने भाग जात नाही. १३३३, १३३३ आणि १३३४ येतात. पिक्सेलचा तिसरा हिस्सा कोणतंही सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहू शकत नाही, ते एक पिक्सेल कुठल्या तरी तुकड्याला देणारच. यावर खरा उपाय एकच: कापण्याआधी चित्राची मापं भाग जाईल अशी करून घ्या. इथे रुंदीतला एक पिक्सेल छाटून ३९९९ केले की प्रत्येक तुकडा बरोबर १३३३ चा होतो. उंची ३००० आहेच, तिचे हजार-हजारचे तीन भाग निमूट होतात. चार हजारांतला एक पिक्सेल गेला तर चित्राचं काहीही बिघडत नाही. तो न छाटल्यामुळे मात्र सगळी जुळणी बिघडते.

फोटोशॉपमध्ये कडेच्या रूलर पट्टीचं माप सेंटिमीटर किंवा इंचात असेल तर गाईड दोन पिक्सेलच्या मधोमध बसू शकतं. पट्टीवर उजवं क्लिक करून माप पिक्सेलवर आणा, मगच गाईड टाका. तिथे ‘व्ह्यू’ मेनूतलं ‘न्यू गाईड लेआउट’ फार सोयीचं आहे, किती उभे आणि किती आडवे भाग हवेत ते सांगितलं की झालं. फक्त त्यातला ‘गटर’ बघा. गटर म्हणजे दोन भागांमधली मोकळी पट्टी. तिथे एखादा आकडा राहून गेला असेल तर प्रत्येक जोडावर एकाऐवजी दोन गाईड्स पडतात, तीनाचे पाच भाग होतात आणि नऊ फाइल्सऐवजी पंचवीस फाइल्स समोर येतात. त्यातल्या सोळा नुसत्या बारीक पट्ट्या आणि तुकडे. गटर शून्य करा.

क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा घोटाळा आणखी वेगळा. तिथल्या ‘इमेज स्प्लिट’मध्ये भागांची संख्या विचारत नाहीत, रेघांची विचारतात. चार आडव्या रेघा म्हणजे पाच पट्टे. तीन भाग हवे असतील तर दोन लिहायचं. हे एकदा कळलं की क्रिटा या कामाला गिंपपेक्षा बरं वाटतं, कारण नावाची सुरुवात, फाइलचा प्रकार आणि क्रमांक आडवे द्यायचे की उभे, हे सगळं ते एकाच खिडकीत विचारतं आणि सांगितलं तर लगेच सेव्हही करतं.

कमांडने काम करणारे इमेजमॅजिक वापरतात. तिथे ‘क्रॉप’ला ३ बाय ३ एवढंच लिहिलं तर ते तीन भाग असा अर्थ घेत नाही, तीन पिक्सेल असा घेतं. माझ्या समुद्राचे त्या हिशेबाने १३ लाख ३४ हजार तुकडे होतात. मापानंतर ॲटचं चिन्ह लावलं की मग ते भागांची संख्या म्हणून वाचतं. आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह लावून ‘रिपेज’ लिहायला विसरू नका. पीएनजी आणि जिफ फाइलमध्ये तुकडा मूळ चित्रात कुठे होता ती जागाही नोंदली जाते. ती पुसली नाही, तर काही सॉफ्टवेअरमध्ये तुकडा भल्यामोठ्या रिकाम्या कॅनव्हासच्या कोपऱ्यात उघडतो आणि आपल्याला वाटतं की कापलंच गेलं नाही.

मापं बरोबर आहेत, तरी जोड दिसतो

याची सगळ्यात जास्त वेळा सापडणारी दोन कारणं आहेत. पहिलं कारण म्हणजे आधी कापलं आणि मग आकार बदलला. चित्र लहान करताना प्रत्येक नवा पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलवरून ठरतो. तुकड्याच्या कडेला मात्र एका बाजूला शेजारी नसतोच, तो दुसऱ्या फाइलमध्ये गेलेला असतो. त्यामुळे कडेचा रंग किंचित बदलतो, आणि तुकड्याला पारदर्शकता असेल तर कड अर्धवट पारदर्शक होऊन पांढरी रेघ दिसते. आकार बदलणं, रंग सुधारणं, शार्प करणं हे सगळं अख्ख्या चित्रावर करा. कात्री सगळ्यात शेवटी.

दुसरं कारण ‘फेदर’. चौकोनी सिलेक्शन करून तुकडे कॉपी करणाऱ्यांना हे छळतं. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी चेहऱ्याभोवतीची कड मऊ करायला फेदरला पाच हा आकडा दिलेला असतो, टूलच्या पर्यायांत तो तसाच राहतो, आणि आज सगळे तुकडे धुरकट कडांचे निघतात. सिलेक्शन करण्याआधी तो आकडा बघायची सवय लावून घ्या. फोटोशॉपमध्ये तो वरच्या पट्टीत असतो आणि गिंपमध्ये टूलच्या पर्यायांत त्याचा एक चौकोन असतो.

जेपेगबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून प्रत्येक ठोकळा वेगळा दाबतं. रंगांची माहिती निम्मी केली असेल, आणि ती बहुधा केलेली असते, तर एकत्र हाताळला जाणारा ठोकळा १६ बाय १६ चा होतो. तुम्ही मूळ जेपेग कापून पुन्हा जेपेग केलं की प्रत्येक तुकड्यात ठोकळ्यांची मोजणी त्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातून नव्याने सुरू होते. कापण्याची रेघ १६ च्या पटीत नसेल तर नवे ठोकळे जुन्या ठोकळ्यांवर तिरपागडे बसतात आणि आधी दबलेलं पुन्हा वेगळ्या जागी दाबलं जातं. शिवाय १३३३ सारख्या रुंदीत शेवटचा ठोकळा अर्धवटच भरलेला असतो, म्हणून उजव्या कडेला डाग पडल्यासारखं दिसतं. निळ्या आकाशात हे लगेच ओळखू येतं, झाडापानांत लपून जातं.

शक्य असेल तर तुकडे पीएनजीमध्येच ठेवा. जेपेगच हवं असेल तर मापं अशी निवडा की प्रत्येक रेघ १६ च्या पटीत येईल. समुद्राच्या चित्राची रुंदी ३९८४ केली तर १३२८ चे तीन तुकडे होतात, आणि १३२८ म्हणजे १६ गुणिले ८३. उंची २९७६ केली तर ९९२ चे तीन होतात. तशी मापं असतील तर ‘जेपेगट्रान’ हे साधन पुन्हा न दाबता, आहे त्या ठोकळ्यांनिशी तुकडा वेगळा काढून देतं. मात्र छाटायचं ते उजवीकडून आणि खालून, म्हणजे पहिला ठोकळा हलत नाही.

जिफ किंवा आठ बिटच्या पीएनजीत जोडावर रंग बदललेला दिसला, तर प्रत्येक तुकड्याने स्वतःचे २५६ रंग निवडले आहेत असं समजा. एका तुकड्यात सगळं आकाश असतं, दुसऱ्यात अर्धी वाळू असते. दोघांचा निळा मग एक कसा राहणार? पूर्ण रंगाची पीएनजी करा, प्रश्न मिटतो.

फाइल्स सापडत नाहीत, नको तेवढ्या येतात किंवा रिकाम्या येतात

गिंपमध्ये ‘इमेज’ मेनूतलं ‘स्लाइस युजिंग गाईड्स’ चालवलं की प्रत्येक तुकडा नव्या टॅबमध्ये उघडतो. एवढंच होतं. डिस्कवर काहीही सेव्ह झालेलं नसतं. लोक फोल्डरमध्ये शोधत बसतात, मग गिंप बंद करतात आणि सगळे तुकडे जातात. प्रत्येक टॅबवर जाऊन ‘एक्सपोर्ट’ करायला लागतं. ‘सेव्ह’ दिलं तर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते. नऊ तुकड्यांना हे चालतं, साठ तुकड्यांना नाही. तेव्हा क्रिटा किंवा इमेजमॅजिककडे वळा. गिंपचं हे साधन गाईड्स आरपार कापतं, एवढंही ध्यानात ठेवा. वरच्या भागाचे दोन आणि खालच्या भागाचे तीन तुकडे हवे असतील तर आधी एका आडव्या गाईडवर कापायचं आणि मग दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या कापायच्या.

हेच असमान तुकड्यांचं काम फोटोशॉपच्या स्लाइस टूलने एका फेरीत होतं. पण तिथे तुम्ही आखलेल्या स्लाइस (कापायचे चौकोन) वेगळ्या आणि उरलेली जागा भरायला सॉफ्टवेअरने आपणहून केलेल्या वेगळ्या. चार आखल्या आणि अकरा फाइल्स आल्या तर सेव्ह करतानाच्या शेवटच्या खिडकीत ‘ऑल युजर स्लाइसेस’ निवडा. स्लाइस मानते ती ‘सेव्ह फॉर वेब’ची खिडकी, ‘एक्सपोर्ट ॲज’ अख्खं चित्रच देतं. सेव्ह फॉर वेबमध्ये फाइलचा प्रकार प्रत्येक स्लाइसचा वेगळा असू शकतो, म्हणून आधी सगळ्या स्लाइस निवडा आणि मग प्रकार ठरवा. नाहीतर आठ जेपेग आणि एक जिफ असा ऐवज हाती येतो. तयार फाइल्स तुम्ही दाखवलेल्या फोल्डरच्या आत ‘इमेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात, तिथे बघा.

कॉपी-पेस्ट करून केलेला तुकडा रिकामा आला, तर भलताच लेयर निवडलेला आहे. साधी कॉपी फक्त निवडलेल्या लेयरची होते. गिंपमध्ये ‘कॉपी व्हिजिबल’ वापरा आणि शिफ्ट, कंट्रोल, व्ही दाबून थेट नवं चित्र म्हणून पेस्ट करा.

नावांत १ नंतर १० आणि मग २ येत असेल तर ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या. आणि फोनने काढलेल्या फोटोचे तुकडे आडवे पडत असतील, तर कापण्याआधी फोटो खरोखर फिरवून घ्या. फोन बऱ्याचदा पिक्सेल न फिरवता ‘हा फोटो उभा दाखवा’ अशी फक्त नोंद फाइलमध्ये ठेवतो. गिंप उघडतानाच विचारतं, तेव्हा फिरवण्याला हो म्हणा.

एका स्कॅनमधले चार फोटो

हे काम मला सगळ्यात जवळचं आहे. अल्बममधले जुने फोटो काचेवर चार-चार ठेवून स्कॅन करायचे आणि नंतर सोडवायचे. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए-फोर काचेचा स्कॅन ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचा होतो, न दाबलेल्या रंगीत चित्राला सुमारे १०४ एमबी लागतात. एकेक फोटो वेगळा स्कॅन करायला वेळ जातो, म्हणून सगळे एकत्र ठेवण्याची पद्धत योग्यच आहे.

फोटोशॉपमध्ये ‘फाइल’ मेनूत ‘ऑटोमेट’खाली ‘क्रॉप अँड स्ट्रेटन फोटोज’ आहे. ते फोटो शोधतं, सरळ करतं आणि प्रत्येकाची वेगळी फाइल उघडतं. तेही कधी दोन फोटो मिळून एकच समजतं, किंवा एका फोटोतलं फिकट आकाश छाटून टाकतं. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: जुन्या फोटोंना पांढरी किनार असते आणि स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं. फोटो कुठे संपला आणि झाकण कुठे सुरू झालं हे त्याला कळणार कसं? मी फोटोंवर एक काळा जाड कागद ठेवतो आणि मग झाकण लावतो. किनार लगेच उठून दिसते. दोन फोटोंमध्ये निदान तीन मिलिमीटर जागा ठेवा, आणि काच पुसून घ्या. काळ्यावर धुळीचा प्रत्येक कण दिसतो आणि तोही त्या साधनाला गोंधळात टाकतो.

तरीही एखादा फोटो सुटला, तर त्या एकाच फोटोभोवती थोड्या पार्श्वभूमीसकट सिलेक्शन करा आणि आल्ट दाबून धरून तीच आज्ञा द्या. मॅकवर ऑप्शन. मग ते साधन फक्त तेवढाच फोटो वेगळा काढतं.

हाताने करायचं असेल तर कात्री शेवटी हा माझा नियम इथे बदलतो, कारण प्रत्येक फोटो वेगळ्या कोनात तिरका असतो. आधी भरपूर कड सोडून चार ढोबळ तुकडे करा. मग प्रत्येक तुकडा सरळ करा. गिंपच्या ‘मेझर’ टूलने किनारीवर रेघ ओढली की तिथेच ‘स्ट्रेटन’चं बटण मिळतं. आणि मग नेमकं छाटा. सरळ करणं एकाच प्रयत्नात व्हायला हवं. थोडं फिरवलं, बघितलं, पुन्हा थोडं फिरवलं असं केलं तर दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि आजीच्या साडीवरची बारीक नक्षी मऊ होत जाते. नाही जमलं तर अनडू करून मूळ तुकड्यापासून फिरवा. अख्खा स्कॅन टिफ म्हणून जपून ठेवा, काही वर्षांनी पुन्हा लागतो.

कापून टाकलेला भाग फाइलमध्येच राहतो

ओळखपत्र, प्रमाणपत्र किंवा पत्र यांचा तुकडा कुणाला पाठवायचा असेल तर हे बघाच. फोटोशॉपच्या क्रॉप टूलमध्ये ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’वर खूण नसेल तर छाटलेला भाग फक्त लपतो. ती पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) उघडणारा माणूस तो परत आणू शकतो. बऱ्याच जेपेगच्या आत एक छोटं थंबनेल, म्हणजे चित्राची लहान प्रत, असतं; काही सॉफ्टवेअर कापल्यावर ते बदलत नाहीत आणि त्यात पूर्ण चित्र तसंच राहतं. मार्च २०२३ मध्ये तर उघड झालं की गूगलच्या ‘पिक्सेल’ फोनमधलं चित्र कापायचं साधन मार्कअप आणि विंडोज ११ चं स्निपिंग टूल कापलेलं चित्र त्याच फाइलवर लिहिताना जुन्या फाइलचं शेपूट पुसतच नव्हते, आणि त्यातून कापलेला बराचसा भाग परत मिळवता येत होता. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी पाठवलेल्या फाइल्स तशाच आहेत. असा तुकडा मूळ फाइलवर सेव्ह करू नका. नव्या नावाने पीएनजी एक्सपोर्ट करा, एक्झिफ (फोटोबद्दल फाइलमध्ये लपलेली माहिती) आणि थंबनेलच्या खुणा काढून टाका, आणि पाठवण्याआधी ती नवी फाइल दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा.